पाहुणचार आणि सहवास : डॉ. कोटणीसांच्या चीनप्रवासातील नदीकाठची नगरे व तेथील अन्न

१

सोलापूरच्या आधुनिक इतिहासात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०-१९४२) यांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या चरित्राचे जे कथन रूढ झाले आहे, त्यात एक मोठी उडी आढळते. सोलापुरात जन्मलेला आणि मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला एक तरुण १९३८ च्या सप्टेंबरात बोटीवर चढतो आणि पुढल्याच परिच्छेदात तो उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना दिसतो. या दोन चित्रांच्या मध्ये सुमारे चार महिन्यांचा काळ आहे. तो यांगत्से नदीच्या काठावरील हांको, यिचांग व चुंगकिंग या नगरांत गेला. चरित्रकारांनी तो केवळ वाटेतील मुक्काम मानला. वास्तविक कोटणीसांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग याच नगरांपैकी एकात घडला, आणि पाहुणा म्हणून गेलेला मनुष्य तेथील माणसांत मिसळून जाण्याच्या प्रक्रियेचा आरंभही येथेच शोधावा लागतो.

ही प्रक्रिया पाहण्याची अनेक साधने आहेत. राजकीय पत्रव्यवहार हे त्यांपैकी एक. अन्न हे दुसरे साधन. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात माणसामाणसांतील जवळीक मोजण्याचे जुने परिमाण ‘रोटी-बेटी व्यवहार’ हे आहे. कोण कोणाच्या हातचे खातो आणि कोण कोणाच्या घरी मुलगी देतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून समाजाच्या भिंती नेमक्या कोठे उभ्या आहेत हे कळते. सोलापूरच्या या पुत्राने परक्या देशात रोटीव्यवहार व बेटीव्यवहार दोन्ही केले. म्हणून हे परिमाण त्यांच्या प्रवासाला लावून पाहणे उचित ठरते.

२

या प्रश्नाची महाराष्ट्रातील पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, ग्रामण्य माजले, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न पुण्यातील सुशिक्षितांना कित्येक महिने पुरला. ज्या पेयाचे मराठी नावसुद्धा चिनी भाषेतून आले, त्याच्या एका पेल्यावरून हा वाद पेटला होता. पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला, तेव्हा हाच प्रश्न त्याच्या मूळ आणि भीषण स्वरूपात उभा राहिला: मनुष्याच्या स्पर्शाने अन्नपाणी विटाळते काय? कोटणीसांची पिढी या वादांच्या सावलीत वाढली. १८९० आणि १९३८ यांत अठ्ठेचाळीस वर्षांचेच अंतर आहे.

सोलापूरची आणखी एक पार्श्वभूमी आहे. कापडगिरण्यांमुळे वाढलेले हे शहर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा त्याच्या पेठांतून नांदत आल्या. १९३० च्या मे महिन्यात येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे फाशी गेले. या चार नावांतच शहराची घडण दिसते. कोटणीस त्या वेळी वीस वर्षांचे होते. परकी सत्ता शहरावर बंदूक रोखते म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी सोलापूरच्या तरुणाला चीनपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

अन्नाच्या दृष्टीने सोलापूर हा अवर्षणाचा प्रदेश. भीमा व सीना या नद्या जिल्ह्यातून वाहतात. परंतु येथील शेती मुख्यतः परतीच्या पावसावर आणि काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर पोसली गेली. रब्बीची ज्वारी हे येथील मुख्य धान्य. याच जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड पद्धतीने सिद्ध झालेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण महाराष्ट्रभर पसरला. ज्वारीची भाकरी, वाळवून कडक केलेली भाकरी, शेंगदाण्याची तिखट चटणी आणि थंडीतला हुरडा हा या भूमीचा आहार. पाण्याच्या टंचाईने घडलेल्या या गावातून निघालेला मनुष्य ज्या पहिल्या मोठ्या चिनी नगरात कामाला लागला, ते नगर पाण्याच्या विपुलतेने घडलेले होते.

३

चिनी सेनानी चू-ते यांनी १९३७ च्या अखेरीस पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. पथकप्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांपैकी दोघे आजच्या महाराष्ट्रातील होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले, त्याच महिन्याच्या मध्यास कँटनला उतरले आणि चांगशामार्गे महिन्याच्या अखेरीस हांकोस पोहोचले.

हांको, वुचांग आणि हानयांग ही तीन नगरे मिळून वुहान होते. हान नदी जेथे यांगत्सेला मिळते तेथे ही तीन नगरे परस्परांसमोर वसली आहेत. १८५८ च्या तिएन्त्सिन तहान्वये हांको परदेशी व्यापारास खुले झाले. नदीकाठी ब्रिटिश, रशियन, फ्रेंच, जर्मन व जपानी वसाहती उभ्या राहिल्या, आणि चहाच्या निर्यातीने ते सर्व जगाला ठाऊक झाले. १० ऑक्टोबर १९११ रोजी पलीकडच्या वुचांगमध्ये सैनिकांनी बंड केले आणि त्यातून चिनी साम्राज्याचा अंत झाला. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्यांच्या पहिल्या वाढदिवशी ज्या नगरात क्रांतीची ठिणगी पडली, त्याच नगरात ते अठ्ठाविसाव्या वर्षी दाखल झाले. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. परंतु नगराचे वय आणि मनुष्याचे वय शेजारी ठेवले असता आधुनिक चीन त्या वेळी किती अल्पवयी होता याची कल्पना येते.

१९३७ च्या डिसेंबरात नानकिंग पडल्यानंतर सरकारची बहुतेक खाती, वृत्तपत्रे, शिक्षणसंस्था आणि लाखो निर्वासित वुहानमध्ये आले होते. जपानी सैन्य नदीच्या मार्गाने वर सरकत होते. अशा नगरात पथकाचे स्वागत झाले आणि लगेच जखमी सैनिकांच्या इस्पितळात काम सुरू झाले. स्वागत आणि शस्त्रक्रिया यांमधील अंतर काही दिवसांचेच होते.

वुहानच्या अन्नाचा स्वभाव त्याच्या भूगोलातून उलगडतो. हुपे प्रांत सरोवरांचा प्रांत म्हणून ओळखला जातो. हुपे व हुनान यांचा सुगीचा हंगाम साधला की सर्व देशाचे पोट भरते, अशा अर्थाची म्हण मिंग राजवटीपासून प्रचलित आहे. तांदूळ, गोड्या पाण्यातील मासे आणि कमळकंद ही या आहाराची तीन अंगे. कमळकंद व डुकराच्या बरगड्या मंद विस्तवावर तासन् तास शिजवून केलेले कढण हे तेथील घरगुती जेवणाचे वैशिष्ट्य मानले जाते. वुचांगचा मासा तर कवींच्या लेखणीतही शिरला आहे.

परंतु या नगराची खरी ओळख त्याच्या सकाळच्या न्याहारीत आहे. न्याहारी करण्याला वुहानच्या बोलीत ‘क्वो-त्साओ’, म्हणजे ‘सकाळ ओलांडणे’, असा स्वतंत्र शब्द आहे. बंदराचे नगर हे हमालांचे, नावाड्यांचे आणि गिरणीकामगारांचे नगर असते. ज्याला पहाटे कामावर जायचे आहे त्याला स्वस्त, पोटभरीचे आणि उभ्याने खाता येईल असे अन्न लागते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हांकोच्या गल्ल्यांतून ‘गरम कोरड्या शेवया’ प्रसिद्धीस आल्या. गव्हाच्या शेवया अर्धवट शिजवून, तेल लावून, पसरून थंड करावयाच्या. गिऱ्हाईक आले की क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून वर तिळाचा दाट लगदा व मुळ्याचे खारवलेले तुकडे घालावयाचे. बहुतेक काम आधीच उरकलेले असल्यामुळे गिऱ्हाइकाला तिष्ठावे लागत नाही. ‘तोउपी’ हा दुसरा पदार्थ. मूग व तांदूळ यांच्या पिठाचे पातळ धिरडे, त्यावर अंडे, आत चिकट भात व मांसाचे सारण. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू विणकरांच्या घरी होणारा मुगाचा पेसरट्टू ज्याने पाहिला आहे, त्याला या पदार्थाची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. तांदूळ व सोयाबीन वाटून मध्ये भोक पाडून तळलेला ‘म्येनवो’ तर वड्याचाच भाऊबंद आहे.

ही साम्ये वंशसंबंधाची निदर्शक मानण्याची घाई करू नये. डाळ आणि तांदूळ भिजवून वाटणे, त्याचे पातळ पीठ तापल्या तव्यावर पसरणे, हे उपाय दोन कृषिप्रधान समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकतात. अधिक महत्त्वाचे साम्य सामाजिक आहे. गिरणीच्या भोंग्यावर जगणारे सोलापूर आणि बंदराच्या भोंग्यावर जगणारे हांको या दोन्ही नगरांत कामकऱ्यांच्या घाईने अन्नाला आकार दिला.

४

पथकाला हांकोत फार दिवस राहता आले नाही. २१ ऑक्टोबर १९३८ रोजी कँटन पडले आणि त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात वुहान जपान्यांच्या हाती गेले. ज्या दरवाजाने हे डॉक्टर चीनमध्ये आले तो त्यांच्या पाठीमागे असा बंद झाला. पथक नदीच्या मार्गाने यिचांग येथे आले. यांगत्सेच्या प्रसिद्ध घळयांचे मुख येथे आहे. मोठ्या बोटी येथून पुढे जाऊ शकत नसत. माणसे, यंत्रे व माल लहान बोटींवर चढवावा लागे. हिवाळ्यात पाणी उतरण्यापूर्वी कारखान्यांची यंत्रसामग्री वर पोहोचविण्यासाठी लू-त्सोफू यांच्या मिनशंग कंपनीच्या बोटींनी त्या शरदात जे काम केले, ते चिनी युद्धेतिहासातील एक स्मरणीय प्रकरण आहे.

यानंतर पथक चुंगकिंगला पोहोचले. चालिंग व यांगत्से यांच्या संगमावरील उंच खडकावर वसलेले हे नगर युद्धकालीन राजधानी बनले होते. नदी खाली, वस्ती वर, आणि मध्ये शेकडो पायऱ्या. माणसाच्या खांद्यावरून वाहिल्याशिवाय येथे काहीच वर जात नसे. ‘नदीखालचे लोक’ या नावाने ओळखले जाणारे लक्षावधी निर्वासित आपापल्या प्रांतांच्या चवी घेऊन येथे आले होते. त्यांना प्रथम ज्या चवीशी झगडावे लागले ती सेचवानी चव, ‘मा-ला’, म्हणजे बधिर करणारी आणि जाळणारी.

या दोन शब्दांचा इतिहास मराठी वाचकाने जाणून घेण्यासारखा आहे. बधिरपणा येतो तो ‘ह्वा-चिआओ’ या फळाच्या सालीतून. कोकणात बांगड्याच्या आमटीत घातले जाणारे तिरफळ हे याच कुळातील, नव्हे एकाच वनस्पति-प्रजातीतील झाड. जिभेला मुंग्या आणणारी ही चव चीनमध्ये अतिप्राचीन आहे. जळजळ मात्र नवी. मिरची अमेरिकेतून आली. पोर्तुगीजांच्या द्वारे सोळाव्या शतकात ती गोव्यात उतरली. चीनमधील तिचा पहिला लेखी उल्लेख १५९१ सालचा असून त्यात ती शोभेचे झाड म्हणून येते. पुढे मिठाची टंचाई असलेल्या क्वेचौ प्रांतातील गरिबांनी अठराव्या शतकात मिठाऐवजी मिरची जवळ केली आणि एकोणिसाव्या शतकात ती सेचवानभर पसरली. कोरड्या भाकरीला चव आणण्यासाठी मिरचीचा ठेचा वा शेंगदाण्याची चटणी जवळ करणाऱ्या सोलापूरच्या शेतकऱ्याची कथा याहून फारशी वेगळी नाही. भुईमूगही अमेरिकेचाच. सेचवानी स्वयंपाकात मिरची व शेंगदाणे एकत्र येतात, सोलापूरच्या चटणीतही येतात. दोन्ही समाज या चवीला आपली पुरातन ठेव समजतात, आणि दोघांकडेही ती गेल्या चार-पाच शतकांतील पाहुणी आहे. परके अन्न आपले होण्यास किती काळ लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

चुंगकिंगचा सर्वात प्रसिद्ध पदार्थ ‘ह्वो-क्वो’, म्हणजे अग्निपात्र. त्याचा उगम नदीच्या धक्क्यावरील हमाल व नावाडी यांच्यात झाला असे सांगतात. खाटकांनी टाकून दिलेली जनावराची आतडी-कोठे स्वस्तात मिळत. ती तिखट, तेलकट, उकळत्या रश्श्यात बुडवून खाल्ली जात. पात्रात लाकडी वा धातूची चौकट टाकून नऊ घरे पाडलेली असत. परस्परांना न ओळखणारे लोक एकाच पात्राभोवती बसत, प्रत्येकाचे घर निराळे, रस्सा मात्र एकच. ज्या समाजात एका पंक्तीला कोण बसतो यावरून ग्रामण्ये झाली, त्या समाजातून आलेल्या निरीक्षकाला या पात्रात निराळाच अर्थ दिसावा. येथेही भेद होता. परंतु तो ज्याच्या त्याच्या वाट्याचा हिशेब ठेवण्यापुरता होता. विटाळाची कल्पना त्यामागे नव्हती.

पथकाचा पाहुणचार अर्थातच वेगळ्या पातळीवर झाला. चिनी मेजवानीत यजमान स्वतःच्या काड्यांनी पाहुण्याच्या वाडग्यात उत्तम घास ठेवतो. मराठी पंगतीतला आग्रह ज्याला माहीत आहे त्याला हा शिष्टाचार परका वाटत नाही. परंतु पाहुणचाराची एक मर्यादा असते. ज्याला आग्रहाने वाढले जाते तो बाहेरचा असतो. चुंगकिंगमध्ये या डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाचे शेवटचे अक्षर ‘ह्वा’, म्हणजे चीन. कोटणीसांचे ‘को-ती-ह्वा’ झाले. नाव बदलले तरी स्थान अजून पाहुण्याचेच होते.

याच नगरात कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतावे असे सांगणारे कारण याहून बळकट असू शकत नाही. आणि परतण्यात कोणालाही दोष दिसला नसता. पाहुणा केव्हाही निघू शकतो, हा पाहुण्याचा हक्कच आहे. कोटणीसांनी तो वापरला नाही. २२ जानेवारी १९३९ रोजी पथक चुंगकिंगहून उत्तरेकडे निघाले, त्यात ते होते. फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले.

५

नदी मागे राहिली तसे अन्नही बदलले. तांदूळ, मासे व कमळकंद यांचा प्रदेश संपला. राळे, मका आणि काओलिआंग यांचा सुरू झाला. काओलिआंग म्हणजे ज्वारी. आफ्रिकेत उगम पावलेले हे धान्य भारतात रुजले आणि पुढे चीनपर्यंत गेले. राळ्याचा प्रवास उलट दिशेचा मानला जातो: उत्तर चीन हे त्याच्या लागवडीचे आद्यस्थान, आणि होपे प्रांतातील त्सशान येथे त्याचे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीतही राळ्याची जागा जुनी आहे. सुपीक, जलसंपन्न यांगत्से खोऱ्यातील अन्न सोलापूरकराला नवे होते. होपेच्या कोरड्या डोंगरातील भरड धान्य मात्र सोलापूरच्या जमिनीचे नातेवाईक होते. युद्धाने त्याला जणू आपल्याच दुष्काळी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडले.

चोळकर व मुखर्जी प्रकृती बिघडल्यामुळे १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये. कोटणीस व बसू आघाडीवरील प्रदेशात गेले, आणि १९४१ च्या जानेवारीत कोटणीस डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे प्रमुख झाले. तोपर्यंत ते चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले होते. आठव्या सेनेचा शिधा राळ्याच्या मापाने मोजला जाई, आणि इस्पितळातील कर्मचारीही त्याला अपवाद नव्हते. येथे मेजवानीचा प्रश्न उरला नव्हता.

१९४१-४२ ही या मुलखाची सर्वात कठीण वर्षे. जपानी सैन्याच्या ‘सर्व जाळा, सर्व मारा, सर्व लुटा’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या मोहिमांनी गावे उजाड केली आणि त्यात अवर्षणाची भर पडली. लोक झाडांची पाने शिजवून खाऊ लागले. १९४२ साली सेनानी न्ये-रुंगचेन यांनी आज्ञा काढली की, गावालगतच्या झाडांची पाने सैनिकांनी तोडू नयेत, ती गावकऱ्यांसाठी राहू द्यावीत. लष्करी आज्ञांच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी बोलकी आज्ञा क्वचितच आढळेल. दुष्काळी जिल्ह्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तिचे महत्त्व विशेष जाणवावे; कारण टंचाईत शेवटचा प्रश्न उरतो तो हाच, की उरलेल्यावर पहिला हक्क कोणाचा?

या काळात कोटणीस त्या मुलखातच होते. १९४१ च्या उत्तरार्धात त्यांनी इस्पितळातील परिचारिका-शिक्षिका क्वो-छिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’, म्हणजे भारत-चीन. रोटीव्यवहार पूर्ण झालेला होता, आता बेटीव्यवहारही झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने कोटणीस मरण पावले. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते.

६

या प्रवासाचे टप्पे अन्नाच्या अनुषंगाने लावले असता एक क्रम स्पष्ट होतो. हांकोत स्वागत होते आणि लगोलग काम. चुंगकिंगमध्ये मेजवानी आहे, नाव आहे आणि परतण्याची मोकळीकही आहे. होपेत वाटणीचे राळे आहे आणि मोकळीक वापरण्याचा विचार मागे पडलेला आहे. पाहुणचार ते सहवास असा हा क्रम. नदीकाठची चार महिन्यांची पायरी वगळली तर कोटणीस जन्मतःच हुतात्मा होते असा भास होतो, आणि त्यांच्या निर्णयाचे मोल कमी होते. निर्णय त्यालाच घेता येतो, ज्याच्यापुढे दुसरी वाट मोकळी असते. चुंगकिंगमध्ये ती वाट मोकळी होती.

पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक, त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेला चित्रपट, १९६२ चे युद्ध, आणि त्या युद्धानंतरही दोन्ही देशांनी सोडून न दिलेले हे एक नाव. यिनह्वा १९६७ मध्ये तरुणपणीच वारला. क्वो-छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. शीच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात कोटणीसांची समाधी आहे, आणि सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक झाले आहे.

स्मारकांतून राष्ट्रे परस्परांना वंदन करतात आणि ते योग्यच आहे. परंतु दोन राष्ट्रांच्या संबंधांचा इतिहास लिहिणाऱ्याने तहनाम्यांबरोबर शिध्याच्या वह्याही पाहिल्या पाहिजेत. १८९० मध्ये पुण्यात एका चहाच्या पेल्याने ज्या समाजात खळबळ उडविली, त्याच समाजातील एक मनुष्य पन्नास-बावन्न वर्षांनी होपेच्या एका खेड्यात परक्यांच्या पंक्तीला बसून त्यांच्याच वाट्यातील राळे खात होता. महाराष्ट्राच्या सामाजिक परिवर्तनाचे माप पुण्याच्या सभागृहांत जितके सापडते तितकेच ते त्या वाडग्यातही सापडते.